टल्सातली चार वर्षांची मुलं

सेंट लुइस शहराचे माजी महापौर ब्रायन मुलॅनफी १८५१ साली वारले. मिसिसिपीच्या काठचं हे शहर तेव्हा अमेरिकेच्या पश्चिमेचं दार होतं. युरोपातून आलेली गरीब कुटुंबं इथं बोटीतून उतरायची, मिळेल ते वाहन धरायची आणि नव्या जमिनीच्या शोधात पुढं निघायची. मुलॅनफींनी आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा या लोकांसाठी लिहून ठेवला: पश्चिमेकडे वस्तीला निघालेले आणि वाटेत सेंट लुइसला थांबलेले गरीब प्रवासी. पुढं रेल्वे आली आणि तांडे आटले. निधी मात्र शिल्लक राहिला, आणि मृत्युपत्रात वर्णन केलेला प्रवासी शोधूनही सापडेना. शहरात पैसा होता, गरिबीही होती. दोघांची गाठ घालून देण्याचा अधिकार मात्र विश्वस्तांना नव्हता.

अमेरिकेत असे अडकून पडलेले निधी जागोजागी होते. क्लीव्हलंडच्या एका बँकेचे अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ यांना या प्रश्नानं पछाडलं. ते मूळचे वकील, त्यामुळं श्रीमंतांची मृत्युपत्रं त्यांनी जवळून पाहिली होती. मेलेल्या माणसाचा हात जिवंत माणसांच्या गरजांवर असा किती पिढ्या ठेवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा २ जानेवारी १९१४ रोजी अमलात आला. त्याचं नाव क्लीव्हलंड फाउंडेशन. शहरातल्या कुणीही, लहान किंवा मोठी रक्कम एका सामायिक निधीत ठेवायची. मुद्दल बँक सांभाळणार. उत्पन्न कशावर खर्च करायचं हे पाच नागरिकांची समिती ठरवणार. त्यातले दोघे बँकेनं नेमलेले, एक महापौरांनी आणि दोघे न्यायाधीशांनी. सर्वांत महत्त्वाचं कलम पुढचं होतं. दात्यानं सांगितलेला हेतू काळाच्या ओघात निरर्थक झाला, तर समितीला तो बदलता येणार होता.

हे कलम किती धाडसी होतं ते आपल्याकडच्या व्यवस्थेशी ताडून पाहिलं की कळतं. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचा मूळ हेतू पार पाडणं अशक्य झालं, तर १९५० च्या कायद्यातल्या ५५व्या कलमानुसार धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयापर्यंत जावं लागतं. गॉफ यांनी ही सोय देणगीच्या कागदातच करून ठेवली. पुढच्याच वर्षी शिकागो आणि बॉस्टननं क्लीव्हलंडचा कित्ता गिरवला. आज अमेरिकेत अशी नऊशेच्या आसपास कम्युनिटी फाउंडेशनं आहेत. काहींकडं अब्जावधी डॉलर आहेत. काही एखाद्या छोट्या काउंटीपुरती, दोन-तीन कर्मचाऱ्यांवर चालणारी आहेत. मुंबईत १९९१ साली स्थापन झालेला बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट हा याच कल्पनेचा भारतीय अवतार.

या प्रकरणाचा विषय मात्र बँकांचा नाही, लहान मुलांचा आहे. शाळेत जाण्याआधीच्या पाच वर्षांत मूल कुणाच्या जिवावर वाढायचं, या प्रश्नाला अमेरिकेनं आजवर धड उत्तर दिलेलं नाही. त्या रिकाम्या जागेत गावोगावच्या फाउंडेशनांचा पैसा कसा आला, त्यानं काय साधलं आणि कुठं तो थिटा पडला, हे समजून घ्यायचं तर ती जागा रिकामी का राहिली इथून सुरुवात करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत कामाला गेल्या तेव्हा अमेरिकेच्या संघ सरकारनं सरकारी खर्चानं पाळणाघरं चालवली होती. युद्ध संपलं, १९४६ मध्ये तीही बंद झाली. १९६५ मध्ये गरीब घरांतल्या मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ हा शाळापूर्व कार्यक्रम सुरू झाला. मग १९७१ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी एक मोठा कायदा मंजूर केला. त्यामुळं देशभर सरकारी मदतीची बालसंगोपन केंद्रं उभी राहिली असती. फी पालकांच्या ऐपतीप्रमाणं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबरमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. मुलं वाढवणं कुटुंबाचं काम, त्यात सरकारनं पडू नये, असा त्यामागचा सूर होता. त्या एका नकाराची किंमत पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी मोजली, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती किंमत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. मुलगी किंवा सून न्यू जर्सीत बाळंत झाली की इथून आजी-आजोबा सहा महिन्यांच्या व्हिसावर जातात, ते परतले की सासरची किंवा माहेरची दुसरी जोडी निघते. त्यात माया आहेच, पण हिशेबही आहे. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत तान्ह्या बाळाच्या पाळणाघराची वर्षाची फी तिथल्या सरकारी विद्यापीठाच्या फीपेक्षा जास्त भरते. ज्यांचे आजी-आजोबा विमानानं येऊ शकत नाहीत, आणि ज्यांची आजी स्वतःच दोन ठिकाणी राबते, त्यांनी काय करायचं?

फी इतकी का, हे गणित सोपं आहे आणि ते एकदा नीट मांडायला हवं. तान्ह्या बाळांच्या बाबतीत अनेक राज्यांचा नियम असा की चार बाळांमागं एक सांभाळणारी व्यक्ती हवी. नियम योग्यच आहे; आग लागली तर एक बाई किती बाळं उचलून बाहेर काढील? २०२३ मध्ये अमेरिकेत पाळणाघरातल्या कर्मचाऱ्याचं मध्यम वेतन तासाला १४.६० डॉलर होतं, म्हणजे वर्षाला ३० हजार डॉलरच्या थोडं वर. एवढासा पगारच चार घरांत विभागला तरी प्रत्येकावर साडेसात हजार डॉलर येतात. त्यात भाडं नाही, विमा नाही, दूध नाही. शिवाय केंद्र सकाळी सहा-साडेसहाला उघडून संध्याकाळी सहापर्यंत चालवायचं तर एका पाळीत भागत नाही. पगार वाढवला की फी वाढते, फी कमी केली की पगार पडतो, पगार पडला की अनुभवी बाई गोदामात पेट्या भरायच्या नोकरीला निघून जाते. या व्यवसायात कुणी नफेखोरी करत असल्यामुळं तो महाग झालेला नाही. माणसानं माणसाला सांभाळायचं काम यंत्रानं होत नाही, म्हणून तो महाग आहे.

आता या गणितात दानाचा पैसा नेमका कुठं बसतो? बहुतेक कम्युनिटी फाउंडेशनं आपल्या निधीच्या चार-पाच टक्के रक्कम दरवर्षी वाटतात. त्यात शहरातली सगळी पाळणाघरं वर्षभर चालवणं शक्य नसतं. म्हणून ती एकरकमी कामं उचलतात. घरात पाळणाघर सुरू करू पाहणाऱ्या बाईला परवान्यासाठी लागणारा आपत्कालीन दरवाजा आणि कुंपण. चर्चच्या तळघरातल्या बालवाडीला मुलांच्या उंचीची स्वच्छतागृहं. कर्मचाऱ्यांना कॉलेजात जाऊन बालशिक्षणाची पदविका घेता यावी म्हणून फी आणि पुस्तकांचे पैसे. दहा छोट्या केंद्रांसाठी मिळून एक हिशेबनीस, म्हणजे प्रत्येक बाईला रात्री जागून पावत्या लिहायला नकोत. करोनाच्या काळात अनेक फाउंडेशनांनी बंद पडू घातलेल्या केंद्रांना भाड्यापुरती मदत दिली. ही कामं क्षुल्लक नाहीत. दरवाजा नसेल तर परवाना नाही, आणि परवाना नसेल तर त्या वस्तीत सहा मुलांची सोय नाही.

तरीही, एवढंच असतं तर या विषयावर वेगळं प्रकरण लिहिण्याचं कारण नव्हतं. खरी गोष्ट ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराची आहे.

टल्सा हे तेलाच्या पैशावर उभं राहिलेलं शहर. वस्ती सुमारे चार लाख. १९२१ साली गोऱ्या जमावानं इथल्या ग्रीनवुड या कृष्णवर्णीयांच्या भरभराटलेल्या पेठेची राखरांगोळी केली. त्या भागाचं दैन्य आजही पुरतं फिटलेलं नाही. ओक्लाहोमा राजकीयदृष्ट्या अमेरिकेतल्या सर्वांत पुराणमतवादी राज्यांपैकी, कराच्या नावानं बोटं मोडणारं. अशा ठिकाणी १९९८ मध्ये राज्यातल्या प्रत्येक चार वर्षांच्या मुलासाठी मोफत, ऐच्छिक बालवाडीचा कायदा झाला. गरीब-श्रीमंत भेद नाही.

तो कसा झाला हे मोठं उद्बोधक आहे. ग्रामीण भागात शाळांची पटसंख्या घसरत होती. काही शाळा चार वर्षांच्या मुलांना पाच वर्षांच्या वर्गात बसवून त्यांच्या नावावर राज्याचं अनुदान घेत होत्या. विधानसभेतले एक सदस्य जो एडिन्स यांनी ही गळती बुजवणारी दुरुस्ती मांडली आणि तिच्यातच चार वर्षांच्या सर्व मुलांसाठी वेगळ्या वर्गाची तरतूद बसवली. भाषणं नाहीत, मोर्चे नाहीत, क्रांतीची घोषणा नाही. शाळांच्या अनुदानाच्या सूत्रातला एक बदल म्हणून तो मंजूर झाला, आणि रिपब्लिकन राज्यपाल फ्रँक कीटिंग यांनी सही केली.

कायद्यातल्या दोन अटी मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. पहिली: या वर्गाच्या शिक्षिकेकडं पदवी आणि बालशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. दुसरी: तिला बाकीच्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांइतकाच पगार. वर्गात वीसपेक्षा जास्त मुलं नकोत आणि दहा मुलांमागं एक मोठं माणूस. चार वर्षांच्या मुलांना शिकवणारी बाई आठवीच्या गणिताच्या मास्तरांच्या बरोबरीची, हे एका राज्यानं वेतनपत्रकावर मान्य केलं. काही वर्षांतच राज्यातली सुमारे ७० टक्के चार वर्षांची मुलं या वर्गांत जाऊ लागली.

याचा उपयोग झाला का? इथं जॉर्जटाउन विद्यापीठाचे विल्यम गॉर्मली आणि त्यांचे सहकारी येतात. बालवाडीचा परिणाम मोजण्यात एक मोठी अडचण असते. ज्या पालकांनी मुलाला बालवाडीत घातलं ते मुळातच जास्त जागरूक असतील, तर मूल हुशार झालं ते बालवाडीमुळं की आईबापांमुळं? गॉर्मलींनी यावर वाढदिवसाची युक्ती योजली. टल्सात १ सप्टेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाच त्या वर्षी प्रवेश मिळे. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी जन्मलेलं मूल एक वर्ष आधी वर्गात बसे आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेलं एक वर्ष थांबे. दोघांच्या वयात काही दिवसांचाच फरक, आणि दोघांच्याही आईबापांनी बालवाडीच निवडलेली. मग शाळा उघडताना एकाच सुमाराला दोघांची चाचणी घ्यायची: एकानं बालवाडी नुकतीच संपवलेली, दुसरा नुकता दारात उभा. मधलं अंतर म्हणजे बालवाडीचं एक वर्ष. संशोधनातली इतकी साधी आणि इतकी चोख मांडणी क्वचित पाहायला मिळते.

निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. अक्षर-शब्द ओळखण्यात ही मुलं सुमारे नऊ महिने पुढं होती, लिहिण्यात सात महिने, अंकगणिताच्या प्रश्नांत पाच महिने. गोरी, कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळनिवासी, सगळ्याच गटांत फायदा दिसला. लॅटिनो मुलांत तर तो ठळकच होता.

आणि फाउंडेशन? टल्सा कम्युनिटी फाउंडेशनची स्थापनाही १९९८ चीच. तिच्या छत्राखाली जॉर्ज कायझर यांचं कौटुंबिक फाउंडेशन उभं राहिलं. कायझर तेल आणि बँकेच्या व्यवसायातले अब्जाधीश. त्यांचे आईवडील ज्यू. नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडमार्गे १९४० मध्ये टल्साला पोचले आणि १९४२ मध्ये जॉर्ज यांचा तिथं जन्म झाला. कोणतं मूल कुठल्या घरात जन्मतं यात त्या मुलाचं काहीच कर्तृत्व नसतं, आणि स्वतःच्या यशातही नशिबाचा वाटा मोठा आहे, असं ते वारंवार सांगत आले आहेत. या विचारानंच त्यांनी देणगीसाठी वयाची अगदी पहिली वर्षं निवडली.

इथला निर्णय बारकाईनं पाहण्यासारखा आहे. चार वर्षांच्या मुलांचा खर्च राज्यानं उचललेला होता. तिथंच आणखी पैसा ओतून आपल्या नावाच्या पाट्या लावणं सोपं होतं. त्याऐवजी हा पैसा राज्य जिथं पोचलं नव्हतं त्या वयाकडं, म्हणजे जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांकडं गेला. २००६ मध्ये टल्सात पहिलं ‘एज्युकेअर’ केंद्र उघडलं. मूळ कल्पना शिकागोची, २००० सालची. सहा आठवड्यांच्या बाळापासून पाच वर्षांपर्यंतची मुलं, वर्षभर, दिवसभर. तान्ह्यांच्या खोलीत आठ बाळं आणि तीन मोठी माणसं. कुटुंबांना भेटणारे, नोकरी-घर-आजारपण यांत मदत करणारे वेगळे कार्यकर्ते. पुढच्या सहा वर्षांत शहरात अशी आणखी दोन केंद्रं झाली. चालवायचा खर्च हेड स्टार्टचा संघ निधी, राज्याचा वाटा आणि देणगी असा तिन्हीकडून येई. देणगीदारांनी खासगी पैशाची तयारी दाखवली म्हणून राज्यानं तीन वर्षांखालच्या मुलांच्या प्रायोगिक कार्यक्रमाला आपला हिस्सा मंजूर केला. म्हणजे एक डॉलर आला तो दुसऱ्याला बोलावून घेऊन आला.

२००९ मध्ये टल्सातल्या हेड स्टार्ट चालवणाऱ्या संस्थेनं याच मदतीच्या जोरावर आणखी एक पाऊल टाकलं. मुलं वर्गात असताना त्यांच्या आयांना परिचारिका आणि इतर आरोग्यसेवेचं शिक्षण द्यायचं. फी संस्थेची, वेळापत्रक मुलांच्या वर्गाशी जुळवलेलं. मुलाला अक्षरं आली पण घरचं भाडं थकलेलंच राहिलं, तर त्या अक्षरांचं काय होणार, हा त्यामागचा सरळ विचार. २०१७ पासून शहरात जन्मापासून आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एकत्रित आराखडा चालू आहे. त्यात गरोदर बाईच्या भेटीपासून तिसरीतल्या वाचनापर्यंत सगळ्या कड्या जोडण्याचा प्रयत्न आहे.

इतक्या लहान वयावर पैसा लावावा हे देणगीदारांना पटवण्यात मिशिगनमधल्या एका जुन्या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. इप्सिलांटी गावात १९६२ ते १९६७ या काळात डेव्हिड वाइकार्ट यांनी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांचे दोन गट केले. ५८ मुलं पेरी शाळेच्या बालवाडीत गेली, ६५ गेली नाहीत. रोज सकाळी अडीच तास वर्ग आणि आठवड्याला शिक्षिकेची घरी भेट, एवढाच कार्यक्रम. बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यंक आधी वाढला आणि काही वर्षांतच ती वाढ विरली. तिथंच मोजणी थांबली असती तर प्रयोग फसला म्हणून फाइल बंद झाली असती. पण संशोधकांनी मुलांची पाठ सोडली नाही. ती चाळिशीला पोचली तेव्हा दिसलं की बालवाडीत गेलेल्यांपैकी ७७ टक्क्यांनी शालान्त शिक्षण पूर्ण केलं होतं, दुसऱ्या गटात ६० टक्क्यांनी. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचं प्रमाण ३६ विरुद्ध ५५ टक्के. कमाईतही फरक होता. २००३ मध्ये मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी, आर्ट रोल्निक आणि रॉब ग्रुनवाल्ड यांनी, हा आकडेमोडीचा धागा पकडून लिहिलं की राज्यांनी क्रीडांगणं आणि कारखान्यांना सवलती देण्यापेक्षा हा पैसा लहान मुलांवर लावावा. परतावा तिथं जास्त आहे. बँकेच्या माणसांनी सांगितल्यावर व्यापारी मंडळंही ऐकू लागली.

मला या युक्तिवादाची उपयुक्तता कळते, पण तो पुरेसा वाटत नाही. दोन वर्षांच्या मुलाला आज दुपारी कुणीतरी मांडीवर घेऊन गोष्ट सांगावी, याला चाळिसाव्या वर्षीच्या परताव्याचं समर्थन कशाला लागावं?

शिवाय बालवाडी म्हटली की फायदा ठरलेलाच, असंही नाही. टेनेसी राज्यानंही चार वर्षांच्या मुलांसाठी मोठा कार्यक्रम काढला. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डेल फॅरन, मार्क लिप्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागांपेक्षा अर्ज जास्त आले तिथल्या सोडतीचा आधार घेऊन जवळपास तीन हजार मुलांचा पाठपुरावा केला. सहावीत पोचेपर्यंत बालवाडीत गेलेली मुलं परीक्षेत आणि वर्तनात न गेलेल्यांपेक्षा मागं होती. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा बालशिक्षणाच्या कार्यकर्त्यांना धक्का बसला. फॅरन यांनी स्वतः वर्गांत बसून पाहिलेलं चित्र असं: मुलांचा बराच वेळ रांगेत उभं राहण्यात, गप्प बसण्यात आणि शिक्षकांचं ऐकण्यात जायचा, खेळ आणि बोलणं कमी. टल्सा आणि टेनेसी यांतला फरक कशानं पडला यावर अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही. पण पैसा देणाऱ्यानं खोल्या किती उघडल्या एवढंच मोजू नये, खोलीत दिवसभर काय चालतं ते पाहावं, इतकं तरी त्यातून निघतं. आणि ते पाहणं, म्हणजे प्रशिक्षित निरीक्षक वर्गात बसवणं, हा सरकारी अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कापला जाणारा खर्च असतो. स्थानिक फाउंडेशननं तो उचलावा.

टल्साचा पुढचा निकाल २०२३ चा आहे. २००५-०६ साली तिथल्या सरकारी शाळांतल्या बालवाडीत असलेली मुलं आता वाढून कॉलेजच्या वयाची झाली होती. बालवाडीत न गेलेल्या तशाच मुलांच्या तुलनेत त्यांनी कॉलेजात प्रवेश घेण्याचं प्रमाण १२ टक्के अंकांनी जास्त भरलं. मधल्या काळात तिसरीच्या सुमाराला हा फायदा पुसट झाल्यासारखा वाटला होता. पेरीच्या मुलांचंही असंच झालं होतं.

या सगळ्यात एक गोष्ट खटकते. कम्युनिटी फाउंडेशन ही कल्पना अनेकांच्या लहान-मोठ्या पैशाची. टल्सात तिचं वजन एका माणसाच्या संपत्तीनं ठरलं. तो माणूस विचारी निघाला, हे शहराचं भाग्य. दुसऱ्या शहरात तसाच अब्जाधीश आपल्या आवडीच्या अभ्यासक्रमाचा हट्ट धरू शकतो आणि त्याला विचारणारं कुणी नसतं. अलीकडं अनेक फाउंडेशनांत दात्याच्या सल्ल्यानं चालणारी खाती वाढली आहेत. करसवलत दात्याला लगेच मिळते, पण त्या खात्यातून दरवर्षी अमुक रक्कम वाटलीच पाहिजे असं कायदा सांगत नाही. मुलॅनफींचा निधी मेलेल्या माणसाच्या शब्दात अडकला होता. आता जिवंत माणसाच्या सवडीत अडकू शकतो. गॉफ यांच्या समितीत महापौर आणि न्यायाधीशांनी नेमलेली माणसं होती, म्हणजे निर्णय एकाच्याच हाती राहत नव्हता.

दानाची मर्यादा २०२३ च्या शरद ऋतूत सगळ्या अमेरिकेला दिसली. करोनाच्या काळात संघ सरकारनं पाळणाघरं तगवण्यासाठी २४ अब्ज डॉलर दिले होते. ३० सप्टेंबरला ती मदत संपली. ती पोकळी भरण्याइतका पैसा देशातल्या सगळ्या फाउंडेशनांकडं मिळूनही या कामासाठी नव्हता. न्यू मेक्सिको राज्यानं वेगळा मार्ग धरला. तिथं २०२२ मध्ये सुमारे ७० टक्के मतदारांनी राज्यघटनेत बदल करून तेल-वायूच्या उत्पन्नातून साठलेल्या कायम निधीचा हिस्सा लहान मुलांसाठी राखून ठेवला. त्यासाठी कार्यकर्ते दशकभर झटत होते, आणि अशा झटण्याचा खर्च बहुतेक वेळा देणगीतूनच भागतो.

महाराष्ट्राला हा क्रम अनोळखी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बालवाडीत न येणाऱ्या आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन शिकवण्याची पद्धत तिथं घडली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि आज राज्यात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. लोकांच्या आधारावर केलेला प्रयोग सरकारनं पोटाशी धरला. सेविकांच्या पगाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये त्या राज्यभर संपावर गेल्या त्या मानधनवाढ, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतनासाठी. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून अंगणवाडीच्या भिंती रंगतात, टीव्ही येतो, खेळणी येतात. ज्या बाईच्या हातात ती खेळणी द्यायची तिचं प्रशिक्षण, तिला मदतीला आणखी एक माणूस, हे त्या निधीच्या यादीत फार वर येत नाही.

टल्साचा निर्णय इथं लावायचा झाला तर शोधायची ती जागा सरकार अजून न पोचलेली. ती शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळीच्या आसपास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडं निघतात. पहाटे नवरा-बायको कोयता घेऊन फडात उतरतात. तीन वर्षांखालचं पोर एक तर फडाच्या कडेला झोळीत असतं, नाहीतर कोपीपाशी सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात, आणि ती बहीण त्यामुळं शाळेत नसते. मुलांची नावं गावातल्या अंगणवाडीच्या पटावर राहतात, मुलं चार-पाच महिने तिथं नसतात. कारखान्याच्या तळावर हंगामापुरतं पाळणाघर चालवायला काय लागेल? सावलीची पक्की जागा, पाणी, दोन वेळचा आहार, आणि टोळीतल्याच दोन-तीन बायका, ज्यांची तोडीची मजुरी बुडणार नाही इतका पगार देऊन मुलांसाठी ठेवलेल्या. किती मुलं आली, किती वजनं वाढली, किती मोठ्या बहिणी शाळेत बसल्या, हे एका हंगामात मोजता येतं. दोन-तीन हंगामांच्या नोंदी घेऊन साखर आयुक्तालयाच्या आणि महिला व बालविकास विभागाच्या दारात जाता येतं. एखाद्या जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी, डॉक्टरांनी, निवृत्त शिक्षकांनी आणि पुण्या-मुंबईत किंवा परदेशात गेलेल्या तिथल्याच मुलामुलींनी मिळून केलेल्या सामायिक निधीला झेपेल, इतकंच हे काम आहे.